संगणकातील वही वाचती राहावी



पुण्याच्या गुलटेकडीवरील छत्रपती शिवाजी मार्केट यार्डात व्यवहाराची सुरुवात मालाने होते आणि शेवट कागदाने. पुरंदरचे अंजीर असो, जुन्नर-मंचरकडची भाजी असो की भुसार विभागातील ज्वारी आणि गूळ असो. माल विकला गेला, वाहन रिकामे झाले की शेतकऱ्याच्या हाती उरते ती पट्टी. नग किती, वजन किती, भाव काय मिळाला, हमाली आणि तोलाई किती, भाडे किती, आधी घेतलेल्या उचलीपैकी किती वळते केले आणि अखेर हाती किती रक्कम पडली, हे सारे त्या वीतभर कागदावर असते. आडत्या आणि शेतकरी यांच्यातील पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास या कागदावर उभा आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यानंतर हमालाच्या मजुरीचा आणि तिच्यावरील लेव्हीचा हिशेबही पेढीच्या दप्तराशी जोडला गेला. म्हणजे पेढीचे दप्तर हे एकट्या मालकाचे नव्हे. त्यात अनेकांच्या घामाची नोंद असते.

ही पट्टी आणि तिच्यामागची रोजकीर्द व खतावणी पूर्वी दिवाणजी हाताने लिहीत. नव्वदच्या दशकात व्यापारी पेढ्यांत संगणक आले आणि कीर्द-खतावणी काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत होऊ लागली. डॉस या प्रणालीवर चालणाऱ्या त्या आज्ञावल्या फॉक्सप्रो, क्लिपर, टर्बो पास्कल अशा भाषांत लिहिलेल्या असत. त्यांतील अनेक एखाद्या स्थानिक तरुणाने पेढीवर बसून, दिवाणजीला विचारून, त्याच पेढीच्या रीतीप्रमाणे घडविलेल्या होत्या. अंगाबरहुकूम शिवलेल्या सदऱ्यासारख्या त्या पेढीला बसल्या. दिवाणजीची बोटे त्यांना इतकी सरावली की पडद्याकडे न पाहता तो पट्टी करू शकत असे. मग वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या सकाळी तो जुना संगणक सुरूच होत नाही. नवा आणला जातो, जुन्या तबकडीवरील सर्व फायली त्यात उतरविल्या जातात, एकही गहाळ झालेली नसते. आणि तरीही आज्ञावली चालत नाही. वही कपाटात आहे, कपाटाची किल्ली हातात आहे, पण वहीतले अक्षर कोणाला लागत नाही, अशी ही अवस्था.

पुण्याला ही अवस्था नवी नाही. पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. कागद उत्तम, शाई उत्तम, अक्षरही वळणदार. परंतु विसाव्या शतकात मोडी लिपी शाळेतून आणि व्यवहारातून गेली आणि ज्या कागदांवर एके काळी राज्य चालत होते, ते कागद वाचणारे मोजके उरले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, म्हणून त्यांतील थोडा भाग देवनागरीत सर्वांसमोर आला. कागद टिकणे आणि कागद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेशवे दप्तर शिकविते. संगणकाच्या बाबतीत फरक इतकाच, की मोडी विस्मरणात जायला दोन-तीन पिढ्या लागल्या, तर संगणकातील नोंद एका पिढीच्या आतच अवाचनीय होते.

इंग्लंडमध्येही याचे उदाहरण घडले आहे. १०८६ मध्ये तेथे जमीन आणि महसूल यांची मोठी पाहणी झाली, तिचा ग्रंथ आजही वाचता येतो. त्या घटनेला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशाची नवी पाहणी करून ती लेझर तबकड्यांवर साठविली. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यासाठी माहिती दिली होती. पण त्या तबकड्या ज्या खास यंत्रावर चालत, ती यंत्रे पंधरा वर्षांत दुर्मीळ झाली. अखेर २००२ मध्ये विद्यापीठीय संशोधकांना त्या जुन्या यंत्राचे काम नव्या संगणकाकडून करवून घेणारी आज्ञावली रचावी लागली, तेव्हा ती माहिती पुन्हा दिसली. नऊशे वर्षांचा ग्रंथ शाबूत आणि पंधरा वर्षांची तबकडी मुकी, असा हा विपरीत प्रकार.

नेमके अडते कोठे?

जुनी आज्ञावली नव्या संगणकावर का चालत नाही, याची कारणे गूढ नाहीत. पहिले कारण प्रोसेसरच्या रीतीचे. डॉसच्या आज्ञावल्या १६ बिटांच्या होत्या. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एक आतली खोली राखून ठेवलेली होती. ६४ बिटांच्या विंडोजमधून ती खोली काढून टाकण्यात आली, कारण प्रोसेसर ६४ बिटांच्या रीतीने चालत असताना त्याला डॉसच्या काळाची जुनी रीत वापरता येत नाही. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे, आणि ज्या विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती मिळत असे, तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

दुसरे कारण वेगाचे, आणि ते ऐकून नवल वाटते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या सुरू होताना संगणकाचा वेग मोजत. सुमारे ५५ मिलिसेकंदांत एक छोटी फेरी किती वेळा पूर्ण होते, हे मोजून त्या आकड्याला भागत. संगणक इतके वेगवान झाले की भागाकार ६५,५३५ या मर्यादेपलीकडे गेला आणि आज्ञावली ‘त्रुटी २००’ असे सांगून तेथेच थांबू लागली. आज्ञावलीत बिघाड नव्हता, तिच्या पुढ्यात आलेला संगणक तिच्या कल्पनेपेक्षा वेगवान होता.

तिसरे कारण छपाईचे. जुनी आज्ञावली मागच्या बाजूच्या रुंद समांतर पोर्टवर थेट अक्षरे पाठवीत असे. नव्या संगणकाला ते पोर्टच नसते; छपाई यूएसबीवरून होते आणि ती आज्ञावलीच्या जन्मानंतरची गोष्ट आहे. चौथे कारण कुलपाचे. नक्कल होऊ नये म्हणून काही विक्रेते त्याच समांतर पोर्टवर डोंगल नावाचा लहानसा ठोकळा बसवीत. ठोकळा नसेल तर आज्ञावली उघडत नाही, आणि पोर्ट नसेल तर ठोकळा लावायचा कोठे? पाचवे कारण मराठी अक्षरांचे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

चालू ठेवण्याचे मार्ग

या प्रत्येक अडचणीवर उपाय आहे आणि बहुतेक उपाय स्वस्त आहेत. सर्वांत साधा उपाय म्हणजे जुन्या संगणकालाच निगुतीने जपणे. त्याची तबकडी केव्हाही बंद पडू शकते. तिच्या जागी जोडणी-पट्टीच्या साहाय्याने कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसविता येते. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणकाचे घड्याळ जुन्या तारखेवर जाते आणि पट्ट्यांवर भलतीच तारीख छापली जाते. ती बॅटरी किरकोळ किमतीत बदलता येते. असा संगणक इंटरनेटला मात्र जोडू नये. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला आहे आणि तिच्यातील भगदाडे आता कोणी बुजवीत नाही.

दुसरा उपाय बहुरूप्याचा. बहुरूपी जसे हुबेहूब सोंग आणतो, तसे नव्या संगणकाने १९९० च्या संगणकाचे सोंग आणावे, अशी सोय करणाऱ्या आज्ञावल्या आहेत. २००२ मध्ये आलेली डॉसबॉक्स ही त्यांतील प्रसिद्ध आणि मोफत. तिच्यात वेग मुद्दाम कमी करता येतो, त्यामुळे वर सांगितलेली ‘त्रुटी २००’ टळते. परंतु ती मुख्यतः जुन्या खेळांसाठी रचलेली आहे. दोन दिवाणजींनी एकाच वेळी एकाच फायलीत नोंद करणे आणि कागदावर छपाई करणे, ही पेढीची कामे तिच्या मूळ हेतूत नाहीत. हिशेबाच्या कामासाठी व्हीडॉससारखी साधने अधिक सोयीची, कारण ती छपाई लक्षात घेऊनच तयार झाली आहेत. तिसरा उपाय म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात एक संपूर्ण आभासी संगणक उभा करून त्यात डॉस किंवा जुनी विंडोज बसविणे. मूळ डॉस मिळत नसेल तर १९९४ मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेले फ्रीडॉस विनामूल्य उपलब्ध आहे.

छपाईबाबत मार्केट यार्डातील जुनी सवय उपयोगी पडते. टिकल्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कितीही कर्कश असला, तरी कार्बनच्या दोन-तीन प्रती एका फटक्यात काढणे त्यालाच जमते. पट्टीची एक प्रत शेतकऱ्याला आणि एक पेढीला लागते, म्हणून तो प्रिंटर आजही बाजारात टिकून आहे. विंडोजमध्ये समांतर पोर्टकडे निघालेली छपाई सामायिक केलेल्या यूएसबी प्रिंटरकडे वळविण्याची आज्ञा असते. ती एकदा दिली की जुन्या आज्ञावलीला बदल कळतही नाही.

जुन्याचा असा सांभाळ करणे हे मागासलेपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टीम ३६० ही संगणकमालिका जाहीर केली. त्या मालिकेसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या चालाव्यात, हे पथ्य तिच्या वारसदार महासंगणकांनी आजपर्यंत पाळले आहे. जगातील मोठ्या बँका त्या संगणकांवर विसंबून आहेत. जुने काम बिनचूक चालत असेल तर ते मोडण्याची घाई शहाणा व्यापारी करीत नाही.

चालणे आणि उपयोगी पडणे

तथापि आज्ञावली चालू राहिली म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हे. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरले. तोवर पट्टीत आडत ही वजावट होती. ज्या आज्ञावलीत आडतीचा दर एका वेगळ्या कोष्टकात ठेवलेला असेल, तेथे तो शून्य करून निदान शेतकऱ्याची पट्टी दुरुस्त करता येते. पण ज्या आज्ञावलीत वजावट मूळ सूत्रातच गुंफलेली असेल, तेथे मूळ संहिता हाती असल्यावाचून काही करता येत नाही. आणि ती संहिता लिहिणारा तरुण वीस वर्षांपूर्वीच शहर सोडून गेलेला असेल, तर? अशी आज्ञावली अत्यंत निष्ठेने चालत राहते आणि तितक्याच निष्ठेने चुकीची पट्टी छापत राहते.

पुढल्याच वर्षी, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. ताजी फळे आणि भाजी करमुक्त राहिली, पण भुसार विभागातील अनेक वस्तूंना नवे दर लागले. महाराष्ट्रातील मूल्यवर्धित कराचा क्रमांक अकरा आकडे आणि शेवटी एक अक्षर असा बारा घरांचा होता. नव्या कराचा क्रमांक पंधरा घरांचा आहे. जुन्या आज्ञावलीत त्या क्रमांकासाठी बाराच घरे राखलेली असतील, तर शेवटची तीन अक्षरे बसतच नाहीत. तीन घरांची ही उणीव पेढीचे बिल निरुपयोगी करू शकते.

म्हणून या विषयातील विवेक असा की, जुनी आज्ञावली वाचण्यासाठी ठेवावी, लिहिण्यासाठी नव्हे. मागील वर्षांचा हिशेब, उधारी, वाद पडल्यास दाखवायची जुनी पट्टी, यांसाठी ती जिवंत असावी. नवी नोंद मात्र चालू कायद्याला धरून असलेल्या नव्या साधनात व्हावी. व्यापाऱ्यांनी हे स्थित्यंतर पूर्वी कागदावर पार पाडले आहे. १९५६ च्या कायद्याने मण-शेर जाऊन किलो-क्विंटल येण्याचा मार्ग खुला झाला आणि १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले. तेव्हा जुन्या वह्या कोणी फेकल्या नाहीत आणि नव्या वहीत आणेही लिहीत बसले नाहीत. जुन्या वहीची बाकी काढली, ती नव्या मापात बदलली आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढली.

अक्षरांचे स्थलांतर

ही बाकी ओढण्याचे काम संगणकात कसे करावे? डीबेस आणि फॉक्सप्रो यांच्या फायलींच्या नावाअखेर डीबीएफ ही तीन अक्षरे असतात. त्यांची रचना अगदी सरळ आहे. आरंभी रकान्यांची नावे आणि पुढे एकाखाली एक ठरावीक रुंदीच्या नोंदी. त्या वाचायला मूळ आज्ञावली लागत नाही. मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिससारख्या साधनातही त्या उघडतात. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये निघाली आणि तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला, तरी डीबीएफ फाईल आजही वाचता येते, याचे कारण तिची ही सर्वज्ञात रचना. येथे एकच सावधगिरी हवी. या फायलींत रद्द केलेली नोंद लगेच पुसली जात नाही. तिच्यासमोर फक्त एक तारकाचिन्ह पडते. उतरवून घेणारे साधन ते चिन्ह पाहत नसेल, तर रद्द झालेली उधारी पुन्हा जिवंत होते. म्हणून उतरविलेल्या प्रत्येक वर्षाची बेरीज छापील ताळेबंदाशी पडताळून पाहावी आणि मगच ते वर्ष पूर्ण झाले असे मानावे.

मराठी मजकुराचे प्रकरण अधिक नाजूक आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील जिस्ट तंत्रज्ञानामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटली, आणि भारतीय लिप्यांसाठी इस्की ही सांकेतिक पद्धत १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्या पद्धतीतील मजकूर युनिकोडमध्ये नेणे सोपे, कारण युनिकोडमधील देवनागरीची मांडणीच इस्कीवर बेतलेली आहे. पण विंडोज आल्यावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम अशा साधनांनी जे सुंदर टंक घरोघरी नेले, त्यांत मजकूर साठविण्याची रीत वेगळी होती. तेथे रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. तो टंक संगणकात नसेल, तर मराठी पान म्हणजे रोमन चिन्हांचा केवळ गोंधळ दिसतो.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती डोळे मिटून वापरू नयेत. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठविलेली असे. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ही जागा न बदलता केलेल्या रूपांतरात ‘हरिभाऊ’चा ‘हिरभाऊ’ होतो. खातेदाराचे नाव बदलले की खाते कोणाचे, हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून रूपांतरानंतर नावांची यादी एखाद्या जाणत्या माणसाने एकदा वाचणे अत्यावश्यक आहे.

हा प्रश्न पेढीपुरता नाही. गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ते, पतसंस्थेची जुनी खाती, देवस्थानाची देणगीदारांची नोंद, हे सारे याच काळात याच टंकांत लिहिले गेले. नव्वदच्या दशकात कुलवृत्तांतासाठी कष्टाने जमविलेली पाच-सात पिढ्यांची माहिती आज एखाद्या घरात फ्लॉपीवर पडून असेल आणि पुढील आवृत्ती काढताना ती पहिल्यापासून टंकलिखित करावी लागेल. फ्लॉपीवरील चुंबकीय थर वर्षागणिक क्षीण होत जातो. तेव्हा विलंबाची किंमत येथे खरोखरच मोजावी लागते.

हक्क आणि दक्षता

जुन्या आज्ञावलीची प्रत काढणे कायद्यात बसते का, ही शंका रास्त आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, आज्ञावली कायदेशीरपणे बाळगणाऱ्याने ती ज्या हेतूने घेतली त्या हेतूसाठी वापरता यावी म्हणून, किंवा नाश व नुकसानीपासून संरक्षण म्हणून प्रत काढणे हे उल्लंघन ठरत नाही. याचा अर्थ शेजारच्या गाळ्याला प्रत वाटण्याची मुभा आहे, असा मात्र नाही. उलट बाजूने कायदा जपणुकीचे बंधनही घालतो. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळणे बंधनकारक आहे, आणि अपील चालू असेल तर ती मुदत आणखी वाढते. संगणक बंद पडला, ही सबब तेथे पुरेशी ठरत नाही.

नवी आज्ञावली घेतानाच तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. सर्व नोंदी सर्वज्ञात स्वरूपात बाहेर काढण्याची सोय असावी. मराठी मजकूर युनिकोडमध्येच साठविला जावा. आणि आज्ञावली खास पेढीसाठी लिहून घेतली असेल, तर तिची मूळ संहिता मालकाच्या ताब्यात असावी. घर बांधून घेणारा माणूस नकाशा गवंड्याकडे ठेवून देत नाही. आज्ञावलीच्या बाबतीत मात्र ही चूक सर्रास होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मार्केट यार्डातील पेढ्यांवर वह्यांचे पूजन होते आणि आता तेथे संगणकालाही हळद-कुंकू लागते. पूजनामागचा भाव असा, की वही ही खरेपणाची साक्ष आहे. ती साक्ष बोलती राहिली तरच पूजनाला अर्थ. येत्या लक्ष्मीपूजनापूर्वी प्रत्येक पेढीने आणि प्रत्येक संस्थेने एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा. जुन्या आज्ञावलीची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, ती नव्या संगणकावर एकदा चालवून पाहावी, आणि निदान एका जुन्या वर्षाचा हिशेब साध्या, उघड स्वरूपात उतरवून त्याची बेरीज कागदाशी पडताळावी. दहा वर्षांपूर्वीची पट्टी मागायला एखादा शेतकरी गाळ्याच्या पायरीवर उभा राहील, तेव्हा ती त्याच्या हाती देता येणे, यातच पेढीची पत आहे.